तयारी न करता द्यायची परीक्षा

लातूर पॅटर्नच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला सांगून खरं वाटणार नाही, पण जगातली सर्वांत नावाजलेली कॉलेजप्रवेशाची परीक्षा जवळजवळ पन्नास वर्षं एका ठाम दाव्यावर उभी होती: हिची तयारी करता येत नाही. अमेरिकेतल्या 'सॅट'विषयीचा हा दावा कुणा भाबड्या मुख्याध्यापकाचा नव्हता. परीक्षा घेणाऱ्या संस्थाच छापील पुस्तिकांतून मुलांना तसं सांगत होत्या. शिकवणी लावून गुण वाढतील या भ्रमात राहू नका, आजवर जे वाचलंत-शिकलात तेच कामी येईल, असा त्या पुस्तिकांचा सूर असे. आज मुंबई-पुण्यातून अमेरिकेत पदवीला जाऊ पाहणारी मुलं हीच परीक्षा देतात, न्यू जर्सीतल्या मराठी घरांत दहावी-अकरावीच्या सुट्ट्या तिच्या तयारीत जातात, आणि तयारी करता येते की नाही हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही. मधल्या काळात झालं काय? या परीक्षेचा शंभर वर्षांचा इतिहास त्या एका दाव्याभोवती फिरला आहे, असं माझं म्हणणं आहे. दावा निम्मा खरा होता. त्यातल्या खोट्या भागाने जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त तो टिकवण्यासाठी पाळलेल्या गुप्ततेने केलं.

दावा का करावा लागला हे कळायला त्याआधीची परिस्थिती पाहावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत प्रत्येक मोठं कॉलेज आपली प्रवेश परीक्षा आपणच घेई. एकाला लॅटिनमधला एक लेखक हवा, दुसऱ्याला दुसरा. त्यामुळे एकाच वर्गातल्या मुलांना शिक्षकांना चार तऱ्हांनी शिकवावं लागे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट आणि कोलंबियाचे निकोलस मरी बटलर यांच्या खटपटीने १९०० साली कॉलेज बोर्ड उभं राहिलं. जून १९०१मध्ये बोर्डाची पहिली सामाईक परीक्षा झाली आणि तिला ९७३ विद्यार्थी बसले. लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित, पदार्थविज्ञान अशा विषयांचे लेखी पेपर होते. उत्तरं निबंधवजा, आणि तपासायला देशभरातले प्राध्यापक-शिक्षक न्यूयॉर्कला जमत. परीक्षा सामाईक झाली खरी, पण अभ्यासक्रम ठरलेला होता आणि तो शिकवणाऱ्या शाळा मोजक्या होत्या. ईशान्येकडच्या महागड्या निवासी शाळांत ग्रीकचा तास असे. ओहायोतल्या किंवा नेब्रास्कातल्या सरकारी शाळेत तो कुठून असणार? या परीक्षेत तयारी हाच सगळा खेळ होता, आणि तयारी विकत मिळत होती. तयारीवर न चालणाऱ्या परीक्षेची ओढ इथून सुरू होते. मूळ हेतू न्यायाचा होता, हे पुढचं सगळं वाचताना विसरायचं नाही.

पण ती परीक्षा ज्या साच्यातून आली तो साचा न्यायाचा नव्हता. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्रज्ञांनी सुमारे १७ लाख अमेरिकी सैनिकांची बुद्धिचाचणी घेतली. साक्षरांसाठीच्या चाचणीचं नाव 'आर्मी आल्फा'. तिच्यातले काही प्रश्न आज वाचले तर हसू येतं: 'क्रिस्को' हे औषध आहे, जंतुनाशक आहे, दंतमंजन आहे की खाद्यपदार्थ? ते भाजी तळायचं वनस्पती तूप होतं. कालपरवा सिसिलीहून आलेल्या माणसाला ते ठाऊक नसलं तर त्यात बुद्धीचा काय दोष? पण प्रिन्स्टनमधले तरुण मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी या आकड्यांवरून १९२३ साली पुस्तक लिहिलं आणि उत्तर युरोपीय वंशाचे लोक दक्षिण आणि पूर्व युरोपातल्यांपेक्षा बुद्धीने सरस असल्याचा निष्कर्ष काढला. ज्या काळात कोलंबियासारखी विद्यापीठं ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याच्या युक्त्या शोधत होती आणि हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल त्यांच्यासाठी उघड मर्यादा सुचवत होते, त्या काळात असा निष्कर्ष अनेकांच्या पथ्यावर पडला. पुढे १९३० साली ब्रिगहॅम यांनी स्वतःच शोधनिबंध लिहून आपल्या या अभ्यासाला पाया नव्हता असं जाहीर केलं. विद्वानाने आपलं गाजलेलं पुस्तक स्वतःच मोडीत काढल्याची अशी उदाहरणं फार नाहीत. मात्र तोवर त्यांनी बोर्डासाठी तयार केलेली परीक्षा चार वर्षांची झाली होती.

ती पहिल्यांदा झाली २३ जून १९२६ रोजी. ८,०४० विद्यार्थी बसले. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला वीस सेकंदही नाहीत. नऊ विभाग होते: व्याख्या, अंकगणित, वर्गीकरण, विरुद्धार्थी शब्द, संख्यामालिका, शब्दसंबंध, तर्क, उताऱ्याचं आकलन, आणि एक कृत्रिम भाषा. या शेवटच्या विभागात रचलेल्या भाषेचे थोडे शब्द आणि नियम द्यायचे आणि तिथल्या तिथे भाषांतर करायला सांगायचं. ग्रीक शिकवायला घरी शिक्षक ठेवता येतो. जी भाषा कालपर्यंत नव्हतीच तिचा शिक्षक कुठून आणणार? दाव्याचं मूळ इथे उघडं दिसतं. परीक्षा अशी करायची की आधी शिकवता येण्याजोगं तिच्यात काही उरू नये. नावातच 'ॲप्टिट्यूड' होतं, म्हणजे अंगचा कल, उपजत कुवत. प्रत्येक विभागाचे गुण पुढे २०० ते ८००च्या मापावर मांडले जाऊ लागले, मधोमध ५००.

परीक्षा होती, पण तिच्यावर सगळं सोपवणारा कुणी अजून नव्हता. तो १९३३ साली भेटला. रसायनशास्त्रज्ञ जेम्स ब्रायंट कोनंट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी मध्य-पश्चिमेतल्या हुशार मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊन हार्वर्डला आणायचं ठरवलं. ही मुलं ओळखायची कशी, हे काम त्यांनी हेन्री चॉन्सी आणि विल्बर बेंडर या दोन साहाय्यक डीनवर सोपवलं. चॉन्सी ब्रिगहॅमना भेटले आणि सॅट घेऊन परतले. इलिनॉयमधल्या शँपेनचा जेम्स टोबिन १९३५ साली अशाच शिष्यवृत्तीवर हार्वर्डला आला. १९८१ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अशी उदाहरणं समोर असताना कोनंटना आपली निवड चुकली असं वाटण्याचं कारण नव्हतं. त्याच सुमारास मिशिगनमधल्या रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या शाळामास्तरांनी पेन्सिलच्या शिशातून वीज वाहते या साध्या गोष्टीवर उत्तरपत्रिका तपासण्याचं यंत्र बनवलं. आयबीएमने त्यांना नोकरीवर घेतलं आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते यंत्र बाजारात आलं. गोल काळे करण्याची जी सवय आज आपल्याकडच्या प्रत्येक ओएमआर पत्रिकेत आहे, तिची सुरुवात या यंत्रात आहे. डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, कॉलेजांचं वेळापत्रक विस्कटलं, आणि १९४२ साली बोर्डाने निबंधवजा पेपरांना सुट्टी दिली. ती तात्पुरती म्हणून होती. जुने पेपर परत आलेच नाहीत. उरली ती सॅट.

ब्रिगहॅमना हे नको होतं. परीक्षा घेणारी आणि तिच्या गुणदोषांचं संशोधन करणारी संस्था एकच झाली, तर संशोधन हे जाहिरातीचं काम होऊन बसेल, अशी त्यांची भीती होती. परीक्षा घेणाऱ्या संस्था एकत्र करण्याच्या योजनेला ते अखेरपर्यंत विरोध करत राहिले. जानेवारी १९४३मध्ये ते वारले. १ जानेवारी १९४८पासून एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजे ईटीएस, सुरू झाली. चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष. युद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय मिळाली होती, कॉलेजं भरभरून वाहत होती आणि स्वस्तात, झटपट, देशभर एकाच मापाने मोजणारं साधन सगळ्यांनाच हवं होतं.

यानंतरची तीस वर्षं दाव्याच्या भरभराटीची. दावा तिघांना सोयीचा होता. कोनंटसारख्यांना, कारण शिकवणीने गुण वाढत असते तर गरिबाघरची हुशार मुलं हेरण्याचा सगळा खटाटोपच फसला असता. कॉलेजांना, कारण नाकारलेल्या मुलाच्या पालकांना दाखवायला एक निष्पक्ष आकडा हाताशी होता. आणि ईटीएसला, कारण तिचा मालच निष्पक्षता हा होता. मग त्याला साजेशी गुप्तता आली. प्रश्नपत्रिका परत द्यायची. सुटलेला पेपर पुन्हा पाहायला मिळणार नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तर विद्यार्थ्याला त्याचे स्वतःचे गुणही कळवत नसत, ते परस्पर कॉलेजला आणि शाळेला जात. प्रत्येक पेपरात एक विभाग असाही असे ज्याचे गुण धरलेच जात नसत. पुढच्या वर्षांचे प्रश्न त्यात चाचपून पाहिले जात, आणि कुठला विभाग तो हे मुलांना सांगितलं जात नसे. शास्त्रीय दृष्ट्या यातल्या बऱ्याच गोष्टींना कारण होतं. वेगवेगळ्या वर्षांचे गुण एका मापावर आणायचे तर काही प्रश्न पुन्हा वापरावे लागतात, आणि पुन्हा वापरायचे तर ते फुटून चालत नाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला दिसे ते एवढंच: निकालाला आव्हान देण्याची वाट बंद आहे.

ही वाट ब्रुकलिनमधल्या एका तळघरातून उघडली. स्टॅन्ली कॅप्लन न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात उत्तम गुणांनी शिकलेला, पण मेडिकल कॉलेजांनी नाकारलेला ज्यू तरुण. १९३८ साली त्याने आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या, आणि १९४६ साली एका विद्यार्थिनीने सॅटची तयारी करून घ्याल का असं विचारलं. परीक्षेची माहितीपुस्तिका तिने दाखवली. तिच्यातले नमुना प्रश्न पाहून कॅप्लनच्या लक्षात आलं की यात शिकवण्यासारखं भरपूर आहे. शब्दसंपत्ती वाढवता येते, बीजगणिताच्या ठरावीक युक्त्या बसवता येतात, घड्याळाची सवय लावता येते. पेपर बाहेर मिळत नव्हता, त्यावर त्याने काढलेला तोडगा झकास होता. परीक्षा झाली की मुलांना खायला-प्यायला बोलवायचं. मुलं सुटकेच्या आनंदात आपापल्याला आठवणारे प्रश्न बोलू लागत आणि कॅप्लन व त्याचे सहकारी ते टिपून घेत. आपल्याकडचे क्लासवाले परीक्षा केंद्राच्या फाटकाशी मुलांना गाठतात, त्याचीच ही जरा चवदार आवृत्ती. ईटीएसच्या लेखी हा माणूस भोंदू होता. पण त्याच्याकडे येणारी मुलं बहुतेक स्थलांतरितांची, मध्यमवर्गीय ज्यू घरांतली होती. त्यांना ना ओळखी होत्या ना वडिलोपार्जित कॉलेज. 'आर्मी आल्फा'ने ज्यांना कमअस्सल ठरवलं होतं त्यांची नातवंडं आता त्याच कुळातली परीक्षा अभ्यास करून जिंकत होती.

१९७०च्या दशकात प्रकरण सरकारी टेबलावर आलं. क्लासच्या जाहिराती खोट्या आहेत काय, याची चौकशी फेडरल ट्रेड कमिशनने सुरू केली. चौकशी क्लासवाल्यांची होती आणि अडचणीत आले परीक्षावाले: १९७९च्या विश्लेषणात कॅप्लनच्या क्लासमुळे भाषेत आणि गणितात प्रत्येकी सुमारे २५ गुण वाढत असल्याचं दिसलं. ८००च्या मापावर २५ म्हणजे डोंगर नव्हे. पण 'शून्य' आणि 'थोडं' यांत दाव्याच्या दृष्टीने फार मोठं अंतर होतं. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने सिनेटर केनेथ लाव्हॅल यांच्या पुढाकाराने कायदा केला: परीक्षेनंतर विद्यार्थ्याला प्रश्न, उत्तरं आणि त्याची स्वतःची उत्तरपत्रिका मागता आली पाहिजे. १९८०पासून तो लागू झाला. परीक्षावाल्यांनी खर्च वाढेल, दर्जा घसरेल, प्रश्न संपतील असं सांगून विरोध केला होता.

पुढच्याच वर्षी जे घडलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. सॅटची धाकटी बहीण असलेल्या पीसॅट परीक्षेत ऑक्टोबर १९८०मध्ये भूमितीचा एक प्रश्न होता. एक चौरस पायाचा पिरॅमिड आणि एक चार त्रिकोणी पृष्ठांचा पिरॅमिड. दोन्हींचे सगळे त्रिकोण समभुज आणि सारख्या मापाचे. एकाचं त्रिकोणी पृष्ठ दुसऱ्याच्या पृष्ठावर तंतोतंत चिकटवलं, तर तयार होणाऱ्या आकाराला बाहेरून पृष्ठं किती? तज्ज्ञांचा हिशोब सरळ होता. पाच आणि चार मिळून नऊ, चिकटवलेली दोन आत गेली, उरली सात. फ्लोरिडातल्या १७ वर्षांच्या एका मुलाने पाच लिहिलं आणि ते चूक धरलं गेलं. पेपर परत पाहायला मिळू लागला होता म्हणून त्याला ते कळलं. त्याने प्रतिकृती बनवली आणि दाखवून दिलं की चिकटवल्यावर शेजारशेजारचे दोन-दोन त्रिकोण एकाच पातळीत येतात आणि मिळून एकेक सपाट पृष्ठ होतं. सातातली दोन अशी कमी होतात, उत्तर पाचच. गणितज्ञांच्या नजरेखालून गेलेला हा प्रश्न कितीतरी मुलांनी सोडवला होता. १९८१च्या मार्चमध्ये ईटीएसला चूक कबूल करावी लागली आणि लाखोंच्या संख्येने गुण सुधारावे लागले. पेपर कुलपातच राहिला असता तर त्या मुलाच्या नावापुढे कायम एक चूक लागली असती, आणि ती त्याची नव्हती.

पेपर उघडे झाल्यावर दुसरीही गोष्ट दिसली: प्रश्नांत दडलेलं घरचं वातावरण. पुढे अनेक वर्षं टीकाकारांच्या तोंडी असलेला शब्दसंबंधाचा प्रश्न असा होता: धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं तेच वल्हं मारणाऱ्याचं कशाशी? उत्तर होतं 'रिगॅटा', म्हणजे नौकांची शर्यत. हा शब्द ज्या मुलांच्या घरी जेवताना कानावर पडतो ती मुलं आणि ज्यांच्या कधीच पडत नाही ती मुलं यांच्यात हा प्रश्न तर्कशक्तीचा भेद दाखवत नव्हता. सगळे प्रश्न असे नव्हते, बहुतेक नव्हतेच. पण 'उपजत कुवत' मोजतो म्हणणाऱ्या परीक्षेला असा एक प्रश्नही महागात पडतो.

१९८१ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन कॅट्झमन या तरुणाने 'प्रिन्स्टन रिव्ह्यू' सुरू केलं. कॅप्लन विषय शिकवत होता. हे लोक परीक्षा शिकवू लागले. त्यांनी 'जो ब्लॉग्ज' नावाचा एक काल्पनिक सरासरी विद्यार्थी उभा केला. विभागातले प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात. तेव्हा शेवटच्या अवघड प्रश्नात जो ब्लॉग्जला चटकन पटणारं उत्तर हमखास चूक असतं, ते आधी खोडा. चूक उत्तराला पाव गुण कापला जात होता. म्हणून एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला तर अंदाजाने ठोका, फायदाच होईल. यात फसवणूक काहीच नव्हती. परीक्षा कशी रचली जाते याचं ज्ञान ते विकत होते, आणि ते ज्ञान विकायला शिल्लक राहिलं याचं कारण परीक्षावाल्यांनी ते फुकट दिलं नव्हतं. तयारीचा बाजार दाव्यामुळे मेला नाही. दाव्याने त्याला गिऱ्हाईक पुरवलं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. गुण वाढतात म्हणता, पण किती? १९९९ साली ईटीएसशी संबंधित संशोधकांनीच केलेल्या अभ्यासात क्लास लावणाऱ्यांची जादा वाढ भाषेत ८ आणि गणितात १८ गुणांच्या आसपास निघाली. जाहिराती शंभर-दीडशेची भाषा करत होत्या. ती अतिशयोक्ती होती, हे निःसंशय. दुसऱ्यांदा परीक्षा दिली तरी गुण आपसूक थोडे वाढतात, आणि क्लासवाले ती वाढही आपल्या खात्यावर टाकत. मग दावा जवळपास खराच नव्हता का? सरासरीच्या हिशोबाने, हो, बऱ्याच अंशी. पण निवड सरासरीवर होत नाही. जिथे एकेका जागेमागे कितीतरी अर्ज येतात तिथे वीस गुण म्हणजे उंबऱ्याच्या आत की बाहेर. आणि मुख्य म्हणजे, ज्याच्या घरी या परीक्षेबद्दल कुणालाच काही माहीत नाही त्याने 'तयारीने काही होत नाही' हे वाक्य खरं मानलं. ज्यांना बाहेरची खबर होती त्यांनी ते कधीच मानलं नाही. एकच वाक्य दोन घरांत दोन तऱ्हांनी वाचलं गेलं. माझ्या मते सॅटचा सर्वांत मोठा अन्याय हाच, आणि तो मोजणारं कोष्टक नाही.

दाव्याची माघार नंतर तुकड्या-तुकड्यांनी झाली. गुणांचं माप १९४१ साली परीक्षा दिलेल्या दहा हजारांवर मुलांवर बेतलेलं होतं, आणि त्यांत पूर्वेकडच्या खासगी शाळांतली मुलं फार होती. १९६३ ते १९८० या काळात भाषेची सरासरी ४७८वरून ४२४वर आणि गणिताची ५०२वरून ४६६वर घसरली तेव्हा देशभर हाकाटी झाली. परीक्षा देणाऱ्यांचा घोळका मोठा आणि वेगळा झाला, हे त्याचं एक ठळक कारण होतं. १९९५ साली माप नव्याने बसवलं. त्याच सुमारास नावातला 'ॲप्टिट्यूड' काढून 'असेसमेंट' घातला, आणि मग तेही सोडून दिलं. सॅट ही अक्षरं आता कशाचीच लघुरूपं नाहीत. खरा धक्का फेब्रुवारी २००१चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन, स्वतः मानसशास्त्रज्ञ, यांनी सॅट सोडून द्यावी असा प्रस्ताव जाहीर भाषणात मांडला. एका महागड्या खासगी शाळेत बारा वर्षांची मुलं शब्दसंबंधाचे प्रश्न तासन्‌तास घोटताना त्यांनी पाहिली होती. मुलांनी वाचन आणि लेखन शिकायचं की परीक्षेचा प्रश्नप्रकार? सर्वांत मोठं गिऱ्हाईक जाणार म्हटल्यावर बोर्ड हललं. २००५ साली शब्दसंबंध गेले आणि २५ मिनिटांचा निबंध आला. तो निबंध फार टिकला नाही. एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी लांबी वाढली की गुण वाढतात हे दाखवून त्याची शोभा केली. २०१६च्या नव्या सॅटमध्ये निबंध ऐच्छिक झाला, चूक उत्तराचा दंड रद्द झाला, आणि आयोवात १९५९ सालापासून एव्हरेट लिंडक्विस्ट यांची ॲक्ट परीक्षा जे करत आली होती, म्हणजे शाळेत शिकवलं ते विचारणं, त्याच वाटेवर सॅट आली. त्याच्या वर्षभर आधी बोर्डाने खान अकादमीबरोबर ऑनलाइन तयारी फुकट उपलब्ध करून दिली. तयारी होत नाही असं पन्नास वर्षं सांगणारी संस्था आता तयारी करा म्हणून मागे लागली होती.

यावर दुसऱ्या बाजूचा आक्षेप अधिक जोराचा आहे: एवढं सगळं करूनही गुण शेवटी श्रीमंतीच्याच मागे जातात, मग ही परीक्षा हवीच कशाला? आकडे तसे आहेतच. २०२३ साली हार्वर्डमधल्या राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसलं की सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं १३०० किंवा अधिक गुण मिळवण्याची शक्यता गरीब घरांतल्या मुलांच्या तेरापट आहे. शिवाय २०१९ साली परीक्षकाला लाच देऊन उत्तरं दुरुस्त करून घेणाऱ्या धनाढ्य पालकांचा घोटाळा उघड झाला, तेव्हा विश्वास आणखी ढासळला. पण तेरापटीचं अंतर दोन महिन्यांच्या क्लासने पडत नाही. ते आधीच्या बारा वर्षांत पडतं: शाळा, पुस्तकं, शिक्षक, घरातली स्वस्थता. परीक्षा ते अंतर दाखवते. तिच्या जागी येणारे शिफारसपत्रं, निबंध आणि खेळ-संगीत यांच्यात ते अंतर तेवढंच असतं, फक्त एका आकड्यात उघडं पडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने जानेवारी २०२०च्या अहवालात परीक्षा ठेवा, असंच सुचवलं होतं. तिच्यामुळे मागास शाळांतली काही हुशार मुलं सापडतात, असं तिला आढळलं होतं. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने चार महिन्यांतच उलटा निर्णय घेतला.

तोवर कोविड आला होता, केंद्रं बंद पडली होती आणि देशभरच्या कॉलेजांनी गुण देणं ऐच्छिक केलं होतं. बोडन कॉलेजने १९६९ सालीच जे केलं ते पन्नास वर्षांनी एका झटक्यात सार्वत्रिक झालं. मग उलटी लाटही आली. मार्च २०२२मध्ये एमआयटीने सॅट पुन्हा सक्तीची केली. ज्यांच्या शाळांत प्रगत गणिताचे वर्गच नाहीत अशा मुलांना आपली ताकद दाखवायला हाच एक मार्ग उरतो, असं कारण दिलं. सॅटही दरम्यान कागद सोडून संगणकावर गेली, अमेरिकेबाहेर २०२३च्या मार्चपासून आणि अमेरिकेत वर्षभराने. आता ती २ तास १४ मिनिटांची, ९८ प्रश्नांची आहे, आणि पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. सरावाचे पूर्ण पेपर फुकट मिळतात. खऱ्या परीक्षेतले प्रश्न मात्र पुन्हा कुलपात गेले आहेत.

फेब्रुवारी २०२४मध्ये डार्टमथ कॉलेजने सॅट परत आणली तेव्हा तिथल्याच चार प्राध्यापकांनी ऐच्छिक धोरणाच्या वर्षांतले अर्ज तपासले होते. गरीब घरांतल्या, कमकुवत शाळांतल्या कितीतरी अर्जदारांनी १४००च्या घरातले गुण मिळवूनही ते कळवले नव्हते, कारण डार्टमथच्या सरासरीपेक्षा ते कमी होते. प्रवेश समिती गुण बघताना अर्जदाराची शाळा आणि परिसरही बघते. त्या शाळेत बाकीची मुलं हजाराच्या आसपास असताना १४०० आणणारं पोर तिला हवंच होतं. त्या मुलांनी आपला आकडा झाकून ठेवला आणि त्यांचा प्रवेश हुकला. तो आकडा कॉलेज कसा वाचतं, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.